संगणक उद्योगाचे सामाजिक उत्तरदायित्व : कारखान्याच्या फाटकापलीकडचा प्रश्न

प्रस्तावना

संगणक क्षेत्रातील बहुतेक मोठ्या कंपन्या आज वार्षिक शाश्वतता अहवाल प्रसिद्ध करतात. वाणिज्य, व्यवस्थापन आणि पर्यावरणशास्त्र या विषयांच्या अध्यापनात या अहवालांचे दाखले दिले जातात, विद्यार्थ्यांचे प्रकल्पही त्यांवर आधारलेले असतात. तथापि असा अहवाल वाचताना त्यात काय मोजले आहे याबरोबरच काय मोजलेले नाही हेही पाहावे लागते. कंपनीच्या आवारातील झाडे, छतावरील सौरपट्ट्या आणि पावसाच्या पाण्याची साठवण यांची नोंद सहज होते. त्याच कंपनीचे नाव मिरवणारे यंत्र जोडणारा कंत्राटी कामगार, त्यातील धातू खणून काढणारा खाणकामगार आणि दहा वर्षांनी तेच यंत्र हातोड्याने फोडणारा भंगार व्यावसायिक मात्र बहुधा त्या अहवालाच्या कडेला किंवा बाहेरच राहतो.

प्रस्तुत लेखात संगणक उद्योगाच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा विचार याच अंगाने केला आहे. कंपनी आपल्या जबाबदारीची सीमा कोठे आखते आणि ती सीमा पुढे सरकते तेव्हा ती कोणाच्या रेट्याने सरकते, हे दोन प्रश्न येथे मध्यवर्ती आहेत. संगणक या शब्दात लॅपटॉप, स्मार्टफोन आणि माहितीसाठ्याची केंद्रे यांचाही समावेश केला आहे. तांत्रिकदृष्ट्या ती सर्व संगणकाचीच रूपे होत.

संकल्पनेची वाटचाल

उद्योजकाच्या सामाजिक जबाबदारीची आधुनिक चर्चा सामान्यतः हॉवर्ड बोवेन यांच्या १९५३ मधील ग्रंथापासून सुरू झाली असे मानले जाते. भारतात महात्मा गांधींचा विश्वस्त वृत्तीचा विचार त्याही आधीचा आहे. मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय, अशी रोखठोक भूमिका मांडली. आर्ची कॅरोल यांनी १९७९ मध्ये आर्थिक, कायदेशीर, नैतिक आणि स्वेच्छाधीन अशी चार अंगे सांगितली व १९९१ मध्ये त्यांना पिरॅमिडचे रूप दिले. १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने शाश्वत विकासाची कल्पना सर्वतोमुखी केली. जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये नफा, माणसे आणि पृथ्वी असा तिहेरी ताळेबंद सुचविला. हीच कल्पना केवळ हिशेब लिहिण्याची रीत होऊन बसली म्हणून त्यांनीच ती २०१८ मध्ये जाहीरपणे ‘परत मागविली’. सदोष मोटार कारखान्याने परत मागवावी, तशीच ही घटना होती. पाठ्यपुस्तकांत तिहेरी ताळेबंद भक्तिभावाने शिकविला जातो, त्याचे हे उत्तरचरित्र मात्र क्वचितच येते.

‘स्वच्छ’ उद्योगाचे अंतरंग

संगणक उद्योग प्रारंभापासून स्वच्छ उद्योग म्हणून ओळखला गेला. पोलाद वा रसायन कारखान्यांप्रमाणे त्याला धुराडी नव्हती. कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅलीतील इमारती हिरवळीने वेढलेल्या, बैठ्या आणि महाविद्यालयाच्या परिसरासारख्या दिसत. या प्रतिमेला १९८१ च्या अखेरीस तडा गेला. सॅन होजे शहराच्या दक्षिण भागातील फेअरचाइल्ड कंपनीच्या अर्धवाहक कारखान्यातील भूमिगत टाकीतून द्रावक रसायने झिरपून जवळच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत पोहोचल्याचे त्या वेळी उघडकीस आले. पुढील वर्षी सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोएलिशन ही संघटना स्थापन झाली. १९८० च्या कायद्यान्वये अमेरिकी शासन अतिप्रदूषित स्थळांची ‘सुपरफंड’ यादी ठेवते. सिलिकॉन व्हॅली ज्या सांता क्लारा परगण्यात आहे, तेथील स्थळांची संख्या या यादीत २३ पर्यंत गेली. अमेरिकेतील दुसऱ्या कोणत्याही परगण्यात इतकी स्थळे नव्हती.

याचे कारण उत्पादनाच्या स्वरूपातच आहे. सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म परिपथ कोरताना तीच चकती पुनःपुन्हा धुवावी, कोरावी आणि लेपावी लागते. त्यासाठी अतिशुद्ध पाणी, आम्ले, द्रावके आणि विषारी वायू लागतात. एरिक विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अवघ्या दोन ग्रॅम वजनाच्या एका स्मृतिचिपसाठी सुमारे १.६ किलो जीवाश्म इंधन, ७२ ग्रॅम रसायने आणि ३२ किलो पाणी खर्ची पडते, असा हिशेब मांडला होता. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ मध्ये प्रकाशित केलेल्या ग्रंथानुसार त्या काळातील एक डेस्कटॉप संगणक व त्याचा १७ इंची पडदा तयार करण्यास किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने आणि दीड टन पाणी लागत होते. त्यानंतर तंत्रज्ञान बदलले असल्याने हे आकडे आजच्या यंत्राला जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांनी दाखविलेली एक गोष्ट मात्र अद्याप महत्त्वाची आहे. घरगुती संगणकाच्या संपूर्ण आयुष्यात लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चार पंचमांश ऊर्जा तो विकत घेण्यापूर्वीच, म्हणजे निर्मितीतच खर्च झालेली असते, असे विल्यम्स यांनी २००४ मध्ये दाखवून दिले. फ्रिजच्या बाबतीत नेमके उलट असते. तेथे बहुतांश ऊर्जा वापरात जाते व म्हणून जुना फ्रिज बदलून काटकसरी फ्रिज घेणे पर्यावरणास हितावह ठरू शकते. संगणकाला हा न्याय लावता येत नाही. चालू स्थितीतील संगणक अधिक वर्षे वापरणे हीच त्याच्या बाबतीतील सर्वांत मोठी बचत होय, आणि नेमकी हीच बचत विक्रेत्याच्या हिताच्या विरोधात जाते.

चिपनिर्मिती पुढे आशियात स्थिरावली आणि तिचे धोकेही तेथे गेले. दक्षिण कोरियात सॅमसंगच्या गिहुंग येथील कारखान्यात काम केलेल्या ह्वांग यू-मी या तरुणीचा २००७ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू झाला. तिचे वडील ह्वांग सांग-गी टॅक्सीचालक होते. मुलीचा आजार कामाच्या ठिकाणच्या रसायनांमुळे झाला, हे मान्य करून घेण्यासाठी त्यांनी दिलेला लढा अकरा वर्षे चालला. त्यातून ‘बानोल्लिम’ ही कामगार आरोग्य संघटना उभी राहिली आणि इतर अनेक कुटुंबे पुढे आली. सेऊल येथील न्यायालयाने २०११ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने जाहीर क्षमायाचना केली आणि बाधितांना प्रत्येकी १५ कोटी वॉनपर्यंत भरपाई देण्याचे मान्य केले. या संपूर्ण काळात कंपनीचे शाश्वतता अहवाल नियमितपणे निघत होते.

पुरवठा साखळीतील माणूस

१९९० नंतर संगणकावर नाव असलेली कंपनी आणि संगणक प्रत्यक्ष बनविणारी कंपनी यांची फारकत झाली. आराखडा अमेरिकेत, चिप तैवान वा कोरियात, जोडणी चीनमध्ये, अशी विभागणी रूढ झाली. व्यवस्थापनशास्त्र या रचनेचे कार्यक्षमता म्हणून कौतुक करते. उत्तरदायित्वाच्या दृष्टीने तिचा अर्थ असा की, कामगार ज्याच्या हजेरीपटावर आहे त्याचे नाव ग्राहकाला ठाऊक नसते आणि ग्राहकाला ज्याचे नाव ठाऊक आहे त्याच्या हजेरीपटावर कामगार नसतो.

ब्रिटनमधील कॅफोड या संस्थेने जानेवारी २००४ मध्ये संगणक कारखान्यांतील कामगारस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्याच वर्षी एचपी, डेल, आयबीएम आदी कंपन्यांनी मिळून इलेक्ट्रॉनिक उद्योगाची समान आचारसंहिता तयार केली. तिच्या पाठीशी असलेली संघटना २०१७ पासून रिस्पॉन्सिबल बिझनेस अलायन्स या नावाने ओळखली जाते. संहितेत कामाचे तास, बालकामगारबंदी, सुरक्षितता आदी कलमे होती. तरीही २०१० मध्ये चीनमधील शेंझेन येथील फॉक्सकॉनच्या कारखान्यांत एकामागून एक आत्महत्या झाल्या. त्या वर्षी चौदा तरुण कामगारांनी प्राण गमावले. कंपनीने वसतिगृहांच्या इमारतींभोवती जाळ्या लावल्या आणि वेतन वाढविले. ॲपलने जानेवारी २०१२ मध्ये आपल्या पुरवठादारांची यादी प्रथमच जाहीर केली व फेअर लेबर असोसिएशन या संस्थेकडून पाहणी करून घेतली. मार्च २०१२ च्या पाहणी अहवालात गर्दीच्या हंगामात आठवड्याला साठ तासांहून अधिक काम होत असल्याचे नमूद झाले. तेथील कायद्यानुसार आठवड्याचे नियमित तास चाळीस आणि जादा कामाची मर्यादा महिन्याला छत्तीस तास होती.

येथे लेखापरीक्षणाची मर्यादा स्पष्ट होते. नव्या फोनची घोषणा झाली की काही आठवड्यांत लक्षावधी नग हवे असतात. भाव आधीच ठरलेला असतो आणि मुदत खरेदीदार ठरवितो. अशा स्थितीत पुरवठादाराकडे वाढवता येण्यासारखी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे कामाचे तास. तपासनीस कारखान्यात येऊन हजेरीपट तपासतो. खरेदीदाराच्या मागणीपत्रावरील तारीख तपासणे मात्र त्याच्या कक्षेत नसते.

हा प्रश्न आता भारताचाही झाला आहे. १२ डिसेंबर २०२० रोजी कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या आयफोन कारखान्यात थकलेल्या व कापलेल्या वेतनावरून कामगारांचा उद्रेक होऊन मोठी मोडतोड झाली. अल्पावधीत कामगारसंख्या झपाट्याने वाढली होती, भरती अनेक कंत्राटदारांमार्फत झाली होती आणि हजेरी व वेतनाची यंत्रणा त्या वेगाला पुरी पडली नव्हती. काही कामगारांना योग्य वेतन मिळाले नसल्याचे कंपनीने मान्य केले आणि ॲपलने नवीन काम देणे काही काळ थांबविले. हा कारखाना २०२३ मध्ये टाटा समूहाकडे आला. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे फॉक्सकॉनच्या वसतिगृहातील दीडशेहून अधिक महिला कामगारांना अन्नातून विषबाधा होऊन रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यानंतर कामगार महिलांनी महामार्ग रोखून धरला. जेवण आणि निवास या गोष्टी आचारसंहितेत होत्याच. त्यांची खरी तपासणी झाली ती रस्त्यावर.

खनिजांचा माग

कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने या चार धातूंवाचून संगणक बनत नाही. काँगोच्या पूर्व भागात यांच्या खाणी सशस्त्र टोळ्यांना पैसा पुरवीत असल्याने अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यातील कलम १५०२ द्वारे कंपन्यांना या धातूंचा उगम शोधून जाहीर करण्यास सांगितले. हा माग वितळभट्टीपाशी अवघड होतो, कारण तेथे अनेक खाणींचा माल एकत्र येतो. इंटेलने वितळभट्ट्यांची प्रत्यक्ष तपासणी करीत जानेवारी २०१४ मध्ये आपले मायक्रोप्रोसेसर संघर्ष-खनिजांपासून मुक्त असल्याचे जाहीर केले. ‘एवढ्या लांबची माहिती मिळणे अशक्य आहे’ हा युक्तिवाद त्यामुळे बराच दुबळा झाला. बॅटरीतील कोबाल्ट मात्र या कलमाच्या बाहेर होते. काँगोतील कोबाल्ट खाणींत जखमी वा मृत झालेल्या मुलांच्या वतीने ॲपल, गूगल, डेल, मायक्रोसॉफ्ट आणि टेस्ला यांच्याविरुद्ध डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत दावा दाखल झाला. तो २०२१ मध्ये फेटाळला गेला व अपील न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. जागतिक पुरवठा साखळीतून माल विकत घेणे म्हणजे खाणमालकाच्या उपक्रमात सहभागी होणे नव्हे, असे न्यायालयाचे म्हणणे होते. कायद्याच्या दृष्टीने फाटक कोठे आहे, हे या निकालाने सांगितले.

आवाराच्या आत आणि बाहेर : उत्सर्जनाचा हिशेब

हरितगृह वायूंच्या हिशेबात उत्सर्जनाचे तीन गट केले जातात. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांतून व वाहनांतून होणारे उत्सर्जन पहिल्या गटात, विकत घेतलेल्या विजेमुळे होणारे दुसऱ्या गटात आणि पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचे उर्वरित सर्व तिसऱ्या गटात येते. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये असा संकल्प केला की, २०३० पर्यंत आपण जितका कार्बन सोडू त्याहून अधिक वातावरणातून काढून घेऊ. कंपनीच्याच २०२४ च्या अहवालानुसार २०२० च्या तुलनेत पहिल्या दोन गटांतील उत्सर्जन ६.३ टक्क्यांनी घटले आणि तिसऱ्या गटातील ३०.९ टक्क्यांनी वाढले. तिसरा गटच एकूण उत्सर्जनाचा बहुतांश भाग असल्याने एकूण वाढ २९.१ टक्के झाली. नव्या माहितीसाठा केंद्रांसाठी लागणारे सिमेंट, पोलाद आणि चिप हे या वाढीचे प्रमुख कारण होते. गूगलच्या २०२४ च्या अहवालातही २०१९ च्या तुलनेत ४८ टक्के वाढ नोंदविली गेली. हे आकडे कंपन्यांनी स्वतः प्रसिद्ध केले, ही बाब त्यांच्या जमेस धरली पाहिजे. हिशेब पहिल्या दोन गटांपाशी थांबला असता तर मायक्रोसॉफ्टची वाटचाल यशाचीच दिसली असती, हेही तितकेच खरे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील माहितीसाठा केंद्रांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली. जागतिक वापराच्या सुमारे दीड टक्के. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होईल, असे ही संस्था मानते. भारतातील अशा केंद्रांचा सर्वांत मोठा समूह मुंबई आणि नवी मुंबई परिसरात असल्याने महाराष्ट्राच्या वीज आणि पाणी नियोजनाशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे.

दोन टक्क्यांचे कोडे

भारताने २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ द्वारे सामाजिक उत्तरदायित्वावरील खर्च बंधनकारक केला. ५०० कोटी रुपये निव्वळ मालमत्ता, १००० कोटी रुपये उलाढाल अथवा ५ कोटी रुपये निव्वळ नफा यांपैकी कोणतीही एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीस मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम अनुसूची ७ मधील कार्यांवर खर्च करावी लागते. ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा नफा मोठा असल्याने त्यांचा यातील वाटाही मोठा आहे. शाळा, रुग्णालये, मध्यान्ह भोजन आणि प्रौढ साक्षरता यांना त्यातून भरीव साहाय्य मिळाले, हे नाकारण्याचे कारण नाही. अनेक महाविद्यालयांतील संगणक कक्षही याच निधीतून उभे राहिले आहेत.

तथापि या कायद्याची व्याख्या बारकाईने वाचण्याजोगी आहे. २०२१ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार कंपनीच्या व्यवसायाच्या नेहमीच्या ओघात केलेली कार्ये सामाजिक उत्तरदायित्वात मोडत नाहीत. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेली कार्येही मोडत नाहीत. या अपवादांमागील हेतू रास्त आहे. अन्यथा कंपन्यांनी जाहिरातखर्च आणि कर्मचाऱ्यांची सहल याच सदरात दाखविली असती. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, व्यवसाय कसा चालतो हा प्रश्न उत्तरदायित्वाच्या कायदेशीर व्याख्येतूनच बाहेर पडला आणि नफा झाल्यावर त्यातील किती वाटला एवढाच प्रश्न आत राहिला. संगणक टिकाऊ बनविणे, सुटे भाग दहा वर्षे उपलब्ध ठेवणे आणि कंत्राटी कामगाराचे वेतन वेळेवर होते की नाही हे पाहणे यांवर खर्च केलेला रुपया दोन टक्क्यांत धरला जात नाही. त्याच कंपनीने एखाद्या गावात तलाव खोल केला तर तो धरला जातो. ‘सी.एस.आर.’ हा शब्द आपल्याकडे बोलीत देणगीला समानार्थी झाला आहे, त्याचे मूळ येथे आहे.

व्यवसायाच्या पद्धतीचा हिशेब मागण्याचे काम भारतात ‘सेबी’कडे आले. बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल देणे बंधनकारक झाले. पहिल्या २५० कंपन्यांनी आपल्या पुरवठादार व वितरकांचीही माहिती द्यावी, असे २०२३ मध्ये ठरले होते. उद्योगांच्या अडचणी लक्षात घेऊन डिसेंबर २०२४ मध्ये ही माहिती ऐच्छिक करण्याचा निर्णय झाला. युरोपीय संघानेही पुरवठा साखळीतील दक्षतेविषयीचा निर्देश २०२४ मध्ये संमत केला आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी एक वर्षाने पुढे ढकलली. दोन्हीकडे गाडी एकाच जागी अडली, आणि ती जागा कारखान्याचे फाटक ही होती.

यंत्राचा शेवट कोण ठरवितो

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीस मिळणारा नियमित सुरक्षा आधार संपला. पुढील आवृत्तीसाठी लागणारी सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर अनेक सुस्थितीतील संगणकांत नाही. या कारणाने जगभरात सुमारे २४ कोटी संगणक निकामी ठरू शकतात, असा अंदाज कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये व्यक्त केला होता. मायक्रोसॉफ्टने वाढीव आधाराची सोय ठेवली. संस्थांसाठी तिचे शुल्क पहिल्या वर्षी प्रतिसंगणक ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. शैक्षणिक संस्थांसाठी मात्र अनुक्रमे एक, दोन आणि चार डॉलर, तेही कमाल तीन वर्षे. युरोपातील वैयक्तिक ग्राहकांना ग्राहक संघटनेच्या दबावानंतर ही सोय एक वर्ष विनामूल्य मिळाली. यंत्राचे आयुष्य आता त्याच्या घडणीइतकेच आज्ञावलीवर अवलंबून आहे आणि आज्ञावली लिहिणाऱ्याच्या कार्बन ताळेबंदात दुसऱ्याने बनविलेल्या यंत्राचे अकाली भंगार होणे नोंदले जात नाही. केरळमधील शासकीय शाळांनी मुक्त आज्ञावलीचा मार्ग बऱ्याच वर्षांपूर्वी पत्करला, तो खर्चासाठी. त्याचा हा दुसरा लाभ आता लक्षात येतो. फ्रान्सने जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप व स्मार्टफोनवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले.

भंगाराचे अर्थकारण

बासेल ॲक्शन नेटवर्क आणि सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोएलिशन यांनी २००२ मध्ये चीनमधील ग्वेयू येथील दृश्ये जगापुढे आणली. तेथे अमेरिकेतील संगणक हाताने फोडून, तारा जाळून आणि आम्लात बुडवून धातू काढले जात होते. त्यानंतरच्या ग्राहक आंदोलनांमुळे डेलने २००६ मध्ये आपली जुनी यंत्रे जगभर विनामूल्य परत घेण्याचे जाहीर केले. युरोपात घातक द्रव्यांवरील निर्बंध १ जुलै २००६ पासून लागू झाले. तेथे विकायचे म्हणून शिसेविरहित जोडकाम सुरू झाले, आणि एका बाजारपेठेसाठी वेगळे उत्पादन ठेवणे परवडत नसल्याने ते इतरत्रही पसरले. कायद्याने कारखान्याच्या आतील रीत बदलल्याचे हे ठळक उदाहरण होय.

जागतिक ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी २२.३ टक्केच अधिकृत नोंदीसह गोळा होऊन पुनर्प्रक्रियेस गेला. भारतात दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद ही अनौपचारिक मोडतोडीची केंद्रे परिचित आहेत. मुंबईत कुर्ला, साकीनाका आणि धारावी येथे हा व्यवसाय दीर्घकाळ चालत आला आहे. या व्यवसायाला केवळ दोष देऊन भागत नाही. घरोघरी जाऊन रोख पैसे देऊन माल उचलणारी, चालू सुटा भाग वेगळा काढून पुन्हा बाजारात आणणारी ही यंत्रणा संकलन आणि पुनर्वापर या दोन बाबतींत कोणत्याही कंपनीच्या परतखरेदी योजनेपेक्षा सरस आहे. घातक आहे तो शेवटचा टप्पा, म्हणजे उघड्यावर जाळणे आणि आम्लात धुणे.

भारतातील पहिले ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून, दुसरे १ ऑक्टोबर २०१६ पासून आणि सध्याचे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा पाया विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व हा आहे. उत्पादकाने आपण विकलेल्या मालाच्या ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रीकरण करून घ्यावे, असे हे तत्त्व होय. हे प्रमाण २०२३-२४ साठी ६० टक्के, २०२५-२६ साठी ७० टक्के आणि २०२७-२८ पासून ८० टक्के आहे. उत्पादक हे काम नोंदणीकृत पुनर्चक्रकाकडून प्रमाणपत्र विकत घेऊन पूर्ण करतो. प्रमाणपत्राचा भाव फार उतरला तर प्रामाणिक पुनर्चक्रकाला काम परवडत नाही आणि कागदोपत्री पुनर्चक्रीकरणाला वाव मिळतो. यावर उपाय म्हणून शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये किलोमागे २२ रुपये असा किमान भाव ठरविला. त्याविरुद्ध सॅमसंग, एलजी, डायकिन आदी उत्पादकांनी दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयीन वाद कोणत्याही बाजूने लागो, या कंपन्यांचे शाश्वतता अहवाल आणि त्यांचे याचिकेतील म्हणणे वर्गात शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

महाविद्यालयांची जागा

या साखळीत महाविद्यालय हा केवळ निरीक्षक नाही. २०१६ च्या नियमांतील ‘मोठा ग्राहक’ या व्याख्येत शैक्षणिक संस्थांचा नामोल्लेख होता आणि ई-कचऱ्याची वार्षिक नोंद देण्याचे कर्तव्य त्यांवर होते. २०२२ च्या नियमांनी ही व्याख्या बदलली. आता एका आर्थिक वर्षात अनुसूचीतील किमान १००० उपकरणे वापरणारी संस्थाच मोठा ग्राहक ठरते आणि तिनेच आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा वा पुनर्चक्रक यांनाच द्यावा, अशी अट आहे. दोन-तीन संगणक कक्ष असलेले सामान्य महाविद्यालय या व्याख्येतून निसटते. तेथे डेड स्टॉक रजिस्टरमधील नोंद, निर्लेखन समितीचा ठराव, तीन दरपत्रके आणि सर्वाधिक दर देणाऱ्यास विक्री हीच पद्धत चालू राहते. सर्वाधिक दर बहुधा तोच देतो, ज्याला विषारी अवशेषांच्या विल्हेवाटीवर काही खर्च करावयाचा नसतो. दरपत्रक मागविताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडील नोंदणीची अट घातली तर अधिक दर देणारे काही जण आपोआप गळतात आणि महाविद्यालयाच्या खात्यात काही हजार रुपये कमी जमा होतात. ही तूट लेखापरीक्षणात आक्षेपाचे कारण होऊ नये म्हणून अटीचा उल्लेख समितीच्या ठरावातच, दरपत्रके मागविण्यापूर्वी, व्हावा लागतो.